मानाचा आटा

केरबानाना सासणे यांनी आयुष्यात एकच गोष्ट सैल सोडली, ती म्हणजे जीभ. बाकी हाताला लागेल ते आवळलं. त्यांनी बंद केलेला नळ दुसऱ्याला उघडत नाही. लोणच्याच्या बरणीला त्यांनी झाकण लावलं की ती बरणी गेली असं समजून घरात नवं लोणचं घालतात. तरुणपणी ते तालमीत होते, पुढे साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केली. आता निवृत्त आहेत, पण मनगट काही निवृत्त झालेलं नाही. मी मंगळवार पेठेतला त्यांचा भिंतीला भिंत शेजारी. आमचा नळ त्यांनी मायेने बंद केला तेव्हा मला प्लंबर बोलवावा लागला होता, त्यामुळे मी हे ऐकीव सांगत नाही.

नानांचा जीव त्यांच्या जुन्या अँबॅसिडरमध्ये. दुधी रंगाची, दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज करणारी. मुलगा-सून पुण्यात, नातवंडं मोबाइलात, म्हणून नाना रोज सकाळी फडकं घेऊन या गाडीशी बोलतात. विठाकाकूंशीही बोलतात, पण काकू उलट बोलतात.

या गाडीच्या इंजिनाखाली ऑइलची पसरट पेटी असते, तिला मेकॅनिक चेंबर म्हणतात. चेंबर आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाची पातळ पट्टी असते, ते पॅकिंग. ते वयोमानाने वाळलं आणि ऑइल ठिबकू लागलं. एवढ्याने काही बिघडलं नसतं. पण यंदा काकूंनी अंगणात कुरडया घातल्या, ऑइलचा ओघळ फरशीवरून चादरीपर्यंत पोचला आणि सगळ्या कुरडया काळ्या झाल्या. काकूंनी त्या नानांना तळून वाढल्या. मग काकूंनीच विजयसिंहांना फोन लावला.

विजयसिंहांचं मलकापूरच्या रस्त्याला हॉटेल आहे. दारात ठेवायला त्यांना जुनी गाडी हवी होती. इंजिन काढून टाकायचं, बॉनेट उघडं ठेवायचं आणि त्यात गिऱ्हाइकांना हात धुवायला बेसिन बसवायचं, असा त्यांचा बेत होता.

"बेसिन?" नाना ओरडले. "माझ्या गाडीत लोकं चूळ भरणार व्हय?"

"रविवारी सकाळी पावणं येणार हाईत," काकू म्हणाल्या. "तवर गळती थांबवा. फरशीवर एक थेंब दिसला तर गाडी दिली. न्हाय दिसला तर ऱ्हाऊ दे. शबूद हाय माझा."

गाडी गॅरेजला द्यावी, असं मी सुचवलं. नानांनी माझ्याकडे असं बघितलं की मी घरी जाऊन चहा पिऊन परत आलो. तोवर त्यांनी उद्यमनगरातल्या दुकानातून पॅकिंग आणि ऑइलचा नवा डबा आणला होता, गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली होती, जुनं ऑइल घमेल्यात काढलं होतं आणि तालमीतल्या दोस्तांना बोलावलं होतं. दोस्तांना बोलावलं तिथेच घात झाला.

आमच्या पेठेत कसलंही काम असो, त्यात मान असतो. नारळ फोडायचा मान, पहिला चहा घ्यायचा मान. तसा चेंबरच्या बोल्टला शेवटचा आटा द्यायचा, म्हणजे अखेरचा पीळ मारायचा मान बंडू वस्तादांचा ठरला. वस्ताद ऐंशीच्या घरातले. ते गाडीखाली आडवे झाले आणि कचकचून आटा दिला. मग त्यांच्या जोडीदारांना नाही कसं म्हणायचं? प्रत्येकाचा एक मानाचा आटा. भाजीला निघालेला एक पैलवान पिशवी भिंतीशी टेकवून आत शिरला आणि मान घेऊन बाहेर पडला. मलाही पाना दिला. नको म्हटलं तर राग येतो, म्हणून मीही जोर केला. माझ्याच्याने काही हललं नाही, पण सगळ्यांनी पाठ थोपटली.

शेवटी बूच चारही बाजूंनी बाहेर आलं, दाबलेल्या वडापावातून चटणी यावी तसं.

"आवळायला कमी पडलो," नाना म्हणाले. वस्तादांनी मान हलवली. म्हणून दुसरं पॅकिंग आणलं आणि या खेपेला पान्याला लोखंडी पाइप जोडला. मान सगळ्यांना परत मिळाला. दुसऱ्या पॅकिंगचे असे तुकडे झाले की काकूंनी ते केरसुणीने गोळा केले आणि कागदात बांधून नानांच्या हातात दिले.

तिसऱ्या पॅकिंगला मी नानांबरोबर गेलो. दुकानदाराने आधीचे तुकडे बघितले आणि हात जोडले.

"पावणं, बूच हाय ते! त्याच्यासंगं कुस्ती कशाला खेळताय? दोन बोटांनी आवळा आन् सोडून द्या की."

शनिवारी दुपारी पुन्हा गाडीखाली मैफल जमली. नानांनी स्वतःची तीन बोटं रुमालाने बांधून घेतली, म्हणजे पान्यावर दोनच बोटं पोचतील. मानाचा आटा बंद, असं त्यांनी जाहीर केलं. वस्ताद असे रुसले की त्यांना बॅटरी धरायचा मान द्यावा लागला. बाकीचे आपापले हात मांडीखाली दाबून ओळीने बसले. नाना प्रत्येक बोल्ट हलक्या हाताने फिरवत होते आणि घामाने निथळत होते.

"जोर लावाय दम लागत न्हाय मर्दा," ते धापा टाकत मला म्हणाले. "जोर न लावायलाच लागतुया."

पण बूच जागच्या जागी बसलं. गाडी खाली उतरवली, फरशी सोड्याने घासली, वस्तादांचा रुसवा भेळेवर गेला. "नाद खुळा!" म्हणत सगळे घरी गेले.

रविवारी सकाळी विजयसिंह टेम्पो घेऊनच आले. गल्ली कडेला उभी. नाना फरशीवर पालथे पडले, पांढरं धोतर गाडीखाली चारी कोपऱ्यांत फिरवलं आणि बाहेर काढलं. धोतर कोरडं, पांढरंशुभ्र. वस्तादांनी शिट्टी मारली.

"काकू, किंमत वाढवून देतो," विजयसिंह म्हणाले.

"न्हाय मिळायची," काकू म्हणाल्या. "थेंब न्हाय पडला. शबूद दिलाय मी. चहा घ्या आन् जावा."

टेम्पो वळणापलीकडे गेला. नानांनी काकूंसाठी पुढचं दार उघडलं, स्वतः बसले आणि किल्ली लावली. काकूंनी खिडकीतून हात घालून ती काढून घेतली.

"ऑइल कवा घातलंय ह्यात?"

नाना माझ्याकडे बघू लागले. मी वस्तादांकडे. वस्तादांनी उगाचच विझलेली बॅटरी चालू केली. जुनं ऑइल घमेल्यात काढलं होतं. नवं कोणीच ओतलं नव्हतं. थेंब पडणार कुठून?

"तुला कवा कळलं?" नानांनी हळूच विचारलं.

"काल दुपारीच. नवा डबा सील न फोडता सोप्यात तसाच हाय."

"मग बोलली न्हाईस ती?"

"पावण्याम्होरं बोलू व्हय? बेसिन कराय आलंतं ते." काकूंनी आतून डबा आणि स्वयंपाकघरातलं नरसाळं आणलं. "वता आता. आन् ध्यानात ठेवा, एक थेंब जरी फरशीवर सांडला तर माघारी बोलावतो त्याला."

असं म्हणाल्या खऱ्या, पण नाना ओतायला वाकले तेव्हा नरसाळ्याखाली स्वतःचा पदर धरून उभ्या राहिल्या.