दिवेवाली पेगी

त्या बेटावर निम्मं गाव मॅक्लाउड, उरलेलं मॉरिसन. नुसत्या नावावर पोस्टमनलासुद्धा दार सापडायचं नाही, म्हणून प्रत्येकाला एक टोपणनाव चिकटतं, आणि एकदा चिकटलं की पोराबाळांच्याही पाठी लागतं. शिंकऱ्या मर्डोला जाऊन वीस वर्षं झाली. त्याचा नातू कधी धड शिंकलेला कुणी ऐकला नाही, पण तोही शिंकऱ्याचाच. पेगी मॅक्लाउडला गाव दिवेवाली म्हणायचं. ऐकायला छान वाटतं, नाही का? वाटू दे. ती शिवी होती.

पेगी मूळची ग्लासगोची, गोदीतल्या वायरमनची मुलगी. यूअनशी लग्न करून ती बेटावर आली, तेव्हा घरात सासरे फिनले, सासूबाई मोराग, दारात मेंढ्या, एक होडी आणि एक जुनी जीप. शोना पोटात असताना नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी पेगी दुकानातून पीठ घेऊन आली आणि जीप अंगणात लावली. तासाभराने फिनलेच्या छातीत कळ आली. त्याला डॉक्टरकडे न्यायला यूअन धावत बाहेर गेला, किल्ली फिरवली, तर जीप नुसती ‘टक’ करून गप्प. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक’. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर येईपर्यंत म्हातारा स्वयंपाकघराच्या फरशीवर थंड पडला होता.

“हिने दिवे चालू ठेवले असतील,” नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन मोराग म्हणाली. “बॅटरी उतरली. होय ना रे, यूअन?”

“असेल,” यूअन म्हणाला.

बस, एवढंच. त्या एका शब्दावर सगळं खापर पेगीच्या डोक्यावर फुटलं. ती रडरडून सांगत राहिली, मी बंद केले होते, मला पक्कं आठवतंय. पण माणसाचं पक्कं तरी किती टिकतं? उठता बसता तेच ऐकल्यावर पुढे पुढे तिलाच वाटायला लागलं, असतील बाई राहिले. शेगडी विझवली का, दार लावलं का, हे ती तीन-तीनदा जाऊन बघायची. आणि जीपमधून उतरून घरात पाऊल टाकलं की खिडकीजवळच्या खुर्चीतून मोरागचा आवाज यायचा, “दिवे बंद केलेस ना?” अकरा वर्षं. एक दिवस खाडा नाही.

यंदाच्या वसंतात शोना शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, “आई, मला सगळे दिवेवालीची का म्हणतात? तू आजोबांना मारलंस?”

पेगीने पोरीला दूध दिलं आणि मेंढ्यांच्या गोठ्यामागे जाऊन पोटभर रडली. माझं मेलीचं काय व्हायचं ते झालं, पण हे नाव या लेकराच्या कपाळी नको, एवढंच तिच्या मनात होतं.

त्याच आठवड्यात जीपने दुखणं काढलं. ब्रेक दाबला की समोरचे दिवे मंद व्हायचे. वळणाचा दिवा लावला की मागचे सगळे एकदम मिचमिचायचे. आणि शुक्रवारी सकाळी पेगीने किल्ली फिरवली तर नुसतं ‘टक’.

हाच तो आवाज. इतक्यात खिडकीतून मोराग ओरडली, “ठेवलेस ना पुन्हा चालू! आता कुणाला पोचवायचंय?”

यूअन होडीवर गेला होता. पेगीने वडिलांचा जुना मीटर काढून बॅटरीला लावला. साडेबारा व्होल्ट. चांगली भरलेली, ठणठणीत. मग अडलंय कुठे? वीज वायरने जाते, पण परत येते ती सांगाड्याच्या लोखंडातून आणि अर्थिंगच्या जाड वायरीतून. ती वाट तुटली तर भरलेली बॅटरीही मेल्यासारखी वागते. वडिलांनी हे तिला लहानपणीच शिकवलं होतं. तिने मीटरचा एक चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला, दुसरा इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि किल्ली फिरवली. काटा शून्यापाशीच बसायला हवा होता. तो थेट आठवर उडाला.

अर्थिंगच खराब. पेगी गोणपाट अंथरून जीपखाली शिरली.

बेटावरच्या माणसाला उघडं लोखंड बघवत नाही. खारा वारा कशालाच सोडत नाही, म्हणून दर ऑक्टोबरात होडीचा उरलेला रंग जीपच्या पोटाला फासायचा, ही तिथली रीत. ज्या वर्षी फिनले गेला त्या वर्षीचा रंग हिरवा होता. त्यानंतर मोरागने हिरव्या रंगाचा डबा घरात येऊ दिला नाही, नंतरचे सगळे थर काळे. पेगीने अर्थिंगचा बोल्ट सोडवला आणि वायरीच्या टोकाची पट्टी बाजूला केली. खाली लख्ख लोखंड असायला हवं होतं. तिथे होता जाडजूड हिरवा रंग! कुणीतरी पट्टी काढून खालची जागा प्रेमाने रंगवली होती आणि वर पट्टी पुन्हा आवळली होती. अरे, रंगातून वीज जाते होय? बोल्टच्या आट्यांतून महिनाभर भागलं असेल; मग मिठाने आटेही खाल्ले आणि वाट बंद झाली.

म्हणजे त्या संध्याकाळी तिने दिवे बंद केले होते. तिचं बरोबर होतं. जीपखाली उताणी पडून ती मोठ्याने हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

मग तिला दुसरी वायर दिसली. बॅटरीपासून गिअरबॉक्सपर्यंत नेलेली, हिरव्या रंगावरून गेलेली, म्हणजे त्या ऑक्टोबरानंतर बसवलेली. आतलं तांबं आता कुजलं होतं, म्हणूनच दुखणं पुन्हा उलटलं. वायरीचं टोक जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने बांधलं होतं आणि दोऱ्याचे वेढे उलटे होते. यूअन डावरा. अख्ख्या गावात असे वेढे घालणारा तो एकटा.

होडीवरून आल्या आल्या यूअनच्या पुढ्यात तिने ती वायर टाकली. “कधी कळलं तुला?”

त्याने वायर उचललीसुद्धा नाही. “बाबांना पुरलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात.”

“आणि अकरा वर्षं मिठाची गुळणी धरून बसलास?”

“आईचा विचार कर ना जरा! नवरा गेलेला, त्यात मुलाच्या हातून गेला असं कळलं असतं तर ती जगली असती?”

“आणि मी?”

तो बूट काढता काढता थांबला. “तू बाहेरची होतीस, पेगी. लोक तुला काही ना काही म्हणणारच होते.”

घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि का, तर संन्यासी परगावचा! पेगीला वाटलं, ती वायर त्याच्या तोंडावर मारावी. पण ती एवढंच म्हणाली, “रविवारी चर्चबाहेर सगळ्यांसमोर सांगायचं. माझ्यासाठी नको. शोनासाठी.”

“सांगतो,” यूअन म्हणाला.

शनिवारी त्याने आईला सांगितलं. मोरागने चुलीतला विस्तव सारखा केला. मग सुनेकडे वळून म्हणाली, “घरातली गोष्ट घरातच राहू दे. त्याला या गावात राहायचंय.”

“आणि मला कुठे राहायचंय, आई?”

रविवार देवाचा, त्या दिवशी बेटावर कुणी पान्याला हात लावत नाही, म्हणून पेगीने शनिवारीच लोखंड घासून चकचकीत केलं, नवी वायर आवळली आणि मगच वरून ग्रीस फासलं.

रविवारी सगळे जीपमधून चर्चला गेले. प्रार्थनेआधी लोक नेहमीसारखे भिंतीच्या आडोशाला उभे होते. पेगीने यूअनकडे पाहिलं. तो शिंकऱ्याच्या नातवाशी कोकरांबद्दल बोलत होता. कोकरं झाली, मग वारा झाला, मग घंटा झाली, आणि तो आत निघून गेला. पेगी मागे फिरली. जीपचे समोरचे दोन्ही दिवे लावले, दार बंद केलं आणि आत जाऊन आपल्या जागेवर बसली.

दोन तासांनी लोक बाहेर आले. “अगं, दिवे! पेगी, तुझे दिवे चालू आहेत!”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तेव्हा एकच तास झाला होता. आज दोन झालेत. बघा.”

तिने किल्ली फिरवली. जीप पहिल्या फटक्यात सुरू झाली.

“दिव्यांनी बॅटरी उतरली नव्हती. अर्थिंगखाली रंग लावला होता. कुणी लावला ते यूअनला विचारा.”

सगळ्यांनी यूअनकडे पाहिलं. त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं. “आज रविवार आहे, असल्या गोष्टींचा हा दिवस नाही, पेगी,” पाद्री हळूच म्हणाले. मोराग मागच्या सीटवर जाऊन बसली होती. यूअनही मुकाट्याने पुढे येऊन बसला.

सोमवारी पेगी आणि यूअन दुकानात गेले. पिठाच्या पोत्यांच्या मांडणीआड ते उभे होते आणि पलीकडे गल्ल्यावर दोघी बोलत होत्या.

“ऐकलंस ना दिवेवालीचं? देवाच्या दारात दिवे चालू सोडून दोन तास बसली बया!”

“पण जीप सुरू झाली म्हणे.”

“झाली असेल. मी म्हणते, भर रविवारी, चर्चसमोर जी बाई दिवे सोडून जाते, ती तेव्हा सोडून गेली नसेल होय?”

“खरंच की गं.”

पेगीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने शब्द न् शब्द ऐकला होता. मांडणी ओलांडून गल्ला चार पावलांवर होता. यूअनने पिठाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“साखरही न्यायची होती ना?” त्याने विचारलं.