एकाच बाजूचे आईवडील

डिसेंबर लागला की हर्षदाच्या ऑफिसात रिकाम्या खुर्च्या वाढत जातात. वर्षभर जपून ठेवलेली किरकोळ रजा एकतीस तारखेनंतर बुडते, म्हणून जो तो उरलेल्या रजा संपवायच्या मागे. कुणी गावी जातं, कुणी मुलांना घेऊन फिरायला. हर्षदा मात्र दरवर्षी दुसऱ्यांची टेबलं सांभाळत बसायची आणि तिच्या रजा बुडून जायच्या. उल्हासनगरच्या त्या सरकारी कार्यालयात ती लिपिक होती. पालेगावहून यायची, संध्याकाळी परत जायची.

यंदा आस्थापनेच्या चिंतामणी साहेबांनी तिला टेबलाशी बोलावलं.

"तुमच्या चार रजा पडून आहेत. शिवाय दिवाळीत सुट्टीच्या दिवशी कामाला आलात, त्याची बदली सुट्टीही बाकी. घ्या की!"

"बघते, सर."

"आणि दुसरं. नवीन वर्षाच्या वैद्यकीय लाभात कुटुंबातलं कोण कोण, ते या महिनाअखेर द्यायचंय. नवरा, मुलगी ही आहेतच. आईवडील लिहायचे असतील तर माहेरचे लिहा, नाहीतर सासरचे. बाईमाणसाला एकच बाजू निवडता येते. आणि एकदा लिहिलं की सहजी बदलत नाही, तेव्हा घरी विचारून या."

हर्षदा जागेवर येऊन बसली खरी, पण तिचं कशात लक्ष लागेना.

बारवी धरणाच्या वरच्या अंगाला तिच्या माहेरची वाडी. वडील वाळू, आई ठमी. ठमीच्या काळजाची झडप आकसलेली होती. विहिरीवरून हंडा आणताना ती वाटेत तीनदा टेकायची. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून दोन वर्षं झाली होती. एका कागदावर ठमी आणि दुसऱ्यावर ठमाबाई असल्यामुळे गरिबांच्या योजनेतलं काम रखडलं, ते रखडलंच.

आणि इकडे सासू, यमुनाबाई. सासरे लवकर गेले. चेतनला वाढवायला यमुनाबाईंनी उल्हासनगरच्या एका सिंधी सेठच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापले, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फरशीवर मांडी घालून. लग्नानंतर हर्षदा म्हणाली, मला सरकारी परीक्षा द्यायचीय, तेव्हा चेतनच्या टेम्पोच्या कमाईत क्लासची फी बसत नव्हती. यमुनाबाई आणखी दोन वर्षं कारखान्यात जात राहिल्या. हर्षदाची तान्ही ओवी शेजारी झोळीत, आणि त्यांच्या हातात कात्री. त्या फरशीनं त्यांचे दोन्ही गुडघे खाल्ले. आता जिना उतरायचा तर त्या आडव्या पावलांनी, कठड्याला धरून उतरत.

रात्री घरी जेवायला बसल्यावर हर्षदानं सगळं सांगून टाकलं. लपवून ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. चेतननं घास तसाच धरला. एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघितलं आणि म्हणाला, "तू ठरव. मी काही बोलणार नाही."

"रजा कधी टाकतेस?" यमुनाबाईंनी विचारलं.

"कसली रजा?"

"साहेब म्हणले ना, रजा हायेत म्हणून. वाडीवर जाऊन ये. मी पण येते. विहीणबाईंना बघून वर्ष झालं."

"एवढी चढण तुम्हाला झेपेल?"

"चेतन टेम्पो घेऊन येईल. मी काय चालत निघालेय का?"

टेम्पो वाडीच्या खालीच थांबला. पुढची चढण यमुनाबाईंनी चेतनच्या खांद्यावर भार टाकत, दर वळणाला देवाचं आणि गुडघ्याचं नाव घेत पार केली. ठमी घरातून दारापर्यंत त्यांना सामोरी आली आणि तेवढ्या चालण्यानंच दाराला धरून उभी राहिली. तोंड उघडं, ओठ निळसर. यमुनाबाईंनी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं.

जेवणं झाल्यावर हर्षदानं आईवडिलांपुढे तोच विषय काढला. वाळूनं तिला पुरतं बोलूच दिलं नाही.

"सासूबाईंना लिव. त्यांनी तुना शिकवलं, नोकरीला लावलं. आमी काय केलं?"

"तिना काय झालंय ते दिसत नाय का?" ठमीच्या अंगावर बोट रोखून यमुनाबाई उसळल्या. "तोंड बघा तिचं. वर्षभरात मना कुणी बोललं का, एवढं झालंय म्हणून?"

"म्हातारपण हाय," ठमी म्हणाली. "तुमचं गुडघं करा पयले."

"माझे गुडघे दुखतात. दुखून मी मरत नाही. तुझं तसं नाही." यमुनाबाई हर्षदाकडे वळल्या. "यांना लिहायचं. आणि माझ्यासमोर पुन्हा हा विषय नको."

हर्षदाला रडू आवरेना. ती उठून मागच्या पडवीत गेली, तर चेतन तिथं आधीच तोंड फिरवून उभा.

महिनाअखेर हर्षदानं आईवडिलांची नावं लिहून दिली. चिंतामणी साहेबांनी ठमी आणि ठमाबाई एकच, याचं प्रतिज्ञापत्र करायला सांगितलं, आणि तेही शेजारच्या वकिलाकडे स्वतः बरोबर येऊन करून घेतलं. ऑपरेशनसाठी आगाऊ रक्कम मंजूर व्हायला फेब्रुवारी उजाडला. ऑफिसात कुणी न सांगता तिच्या टेबलाचं काम वाटून घेतलं गेलं. पद्मजा मॅडम, ज्यांचं टेबल हर्षदानं दर डिसेंबरला सांभाळलं होतं, त्याच म्हणाल्या, "अर्जित रजा टाक आणि जा. इथलं मी बघते. एवढी वर्षं तू बघितलंस ना."

ऑपरेशनच्या दिवशी वाळू रुग्णालयाच्या आवारात उकिडवा बसून राहिला, काही खाईना. यमुनाबाईंनी त्याला दटावून भाकरी खायला लावली. डॉक्टर बाहेर येऊन, झडप बसली, सगळं नीट आहे, असं म्हणाले तेव्हा वाळूनं आधी यमुनाबाईंना हात जोडले. त्या एकदम संकोचल्या. "मना कशापायी? तुमच्या पोरीची नोकरी हाय."

ठमीला महिनाभर पालेगावातच ठेवून घेतलं. दोघी विहिणींचं फार गुळपीठ होतं असंही नाही. भातात मीठ किती यावरून रोज वाद. ठमीला टीव्ही नको, यमुनाबाईंना टीव्हीशिवाय झोप नाही. हर्षदानं सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी एका धर्मादाय रुग्णालयात नंबर लावला होता. तिथली यादी लांबलचक होती, आणि आपण त्यांचं नाव लिहिलं नाही, या विचाराशी ती अजून अडायची. सासूबाईंना तसं म्हणाली, तर त्यांनी "लागेल तेव्हा लागेल" म्हणून तिला भाजी चिरायला बसवलं.

मार्चमध्ये एका संध्याकाळी हर्षदा ऑफिसातून परतत होती. त्यांच्या इमारतीच्या फाटकापाशी बाकावर दोघी बसलेल्या दिसल्या. ठमी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालून आली होती, एकदाही न टेकता, आणि यमुनाबाई ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. ठमी लाजून पदर तोंडावर घेत होती. हर्षदाला पाहिल्यावर दोघींनी सरकून मधे जागा केली.