कैनाडच्या गोठ्यातली सुई

"टिटॅनस," डहाणूच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. "म्हणजे धनुर्वात. कुठं काही लागलं होतं?"

"नरपडला समुद्रावर कालवाच्या शिंपल्यानं ह्यांचा तळपाय कापला होता," माझ्या बायकोनं, मालतीनं सांगितलं. डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. ओरडून सांगावंसं वाटलं, की कारण ते नव्हे. पण माझा जबडा उघडेना.

मी तेव्हा मुंबईच्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग शिकवायचो. स्नायू आखडला की त्यात बारीकशी वीज उमटते. ती मोजणारं यंत्र मी बनवत होतो. शहरात आजूबाजूच्या विजेच्या तारांच्या गुणगुणीत ती बुडून जाई. मालतीच्या माहेरी, कैनाडला, अजून वीजच आली नव्हती. म्हणून मे महिन्यात बॅटऱ्या आणि त्या यंत्राचं व्हॉल्व्हचं खोकं घेऊन मी सासऱ्यांच्या गोठ्यात ठाण मांडलं.

स्नायूतली वीज टिपायला शिवणाच्या सुईला, टोक तेवढं उघडं ठेवून, वार्निश फासून ठेवलं होतं. ती शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडली. उकळली तर वार्निश निघेल, म्हणून या शहाण्यानं ती धोतराला पुसली आणि आधी स्वतःच्या डाव्या हातात खुपसली, मग ताडून पाहायला मालतीच्या.

आठवड्यानं माझा तोच हात आधी आखडला, जबडा नंतर. म्हणून मला कारण कळलं होतं. तेच विष मालतीच्याही हातात असणार, आणि ती माझ्या उशाशी बसून वारा घालत होती.

झटके सुरू झाले. कुणी बादली टेकवली तरी पाठ कमानीसारखी वर फेकली जाई. डोकं आणि टाचा तेवढ्या खाटेला. घरात असा रोगी असेल त्यांनी लक्षात ठेवा, त्याची शुद्ध पूर्ण जागी असते. दुसऱ्या दिवशी माझी दाढ फुटली. जीभ चावली गेली, उशी रक्तानं भिजली.

"त्यांना बोलू देऊ नका," डॉक्टरांनी बजावलं. "एखाद्या झटक्यात श्वासच अडकेल."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सुईचं सांगायला दातांतून बोलायला गेलो आणि खाटेवर आपटलो.

"अहो, गप पडा ना!" मालती रडत म्हणाली.

माझं डोकं फिरलं. तिचा हात ओढून मी सुईच्या खपलीवर बोटं रुतवली, आणि झटका आला. मूठ तिथंच आवळली. ती किंचाळली, त्या आवाजानं दुसरा झटका. डॉक्टर आणि वॉर्डबॉय यांनी माझं एकेक बोट उचकटून काढलं. नखांनी मांस फाटलं होतं.

तिनं आपला रक्ताळलेला हात पाहिला, मग माझा ताठरलेला.

"डॉक्टर, ह्यांनी तीच सुई मलापण टोचलीय."

मी रोगी नसतो तर डॉक्टरांनी माझ्या थोबाडीत दिली असती. त्यांनी तिची जखम कापून धुतली, धनुर्वातावरचं सीरम टोचलं. "उशीर झालाय. दोन आठवडे जबड्याकडं लक्ष ठेवा."

मालती माझ्या कानाशी वाकली. "तुम्ही मेलात तर मी रडेन. पण मी मेले तर आपली पोर कोण सांभाळणार, ते त्या खोक्याला विचारा."

माझे झटके विरळ होत गेले. तिचा घास जरा तोंडात रेंगाळला तरी मी तिच्या जबड्यावर नजर रोखून बसे. तिनं हनुवटी चोळली की मी देवाला शिव्या घाली.

तिला सीरम टोचल्यापासून पंधराव्या दिवशी दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या तिला जांभई आली. पडजीभ दिसेपर्यंत तोंड उघडलं. मी हमसून हमसून रडायला लागलो. पुन्हा झटका आला असं वाटून डॉक्टर धावत आले.

तिनं मला अजून माफ केलं नव्हतं. तरी माझ्यासमोर येऊन तिनं पुन्हा एकदा मोठा आ करून दाखवला.