बिरप्पा आणि मायाक्काचं विजापूर

बिरप्पा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, लागला तेव्हा त्याचे कान चांगले तिखट होते. वळसंगच्या माळावर मेंढरांमागं वाढलेला तो. कळपातलं कोकरू कुठं अडकून ओरडतंय हे नुसत्या आवाजावरून ओळखायचा. पण सोलापूरच्या मिलमध्ये विणकाम खात्यात शेकड्यांनी साचे एकदम चालत, सूत नेणारे धोटे इकडून तिकडे आपटत, आणि माणूस दिवसभर त्या कल्लोळात उभा असे. पाच-सहा वर्षांत त्याला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले. पुढं जवळ येऊन कानाशी ओरडलं तरच कळायला लागलं.

खात्यात त्याचं त्यामुळं काही अडलं नाही. तिथं कुणाचंच कुणाला ऐकू येत नसे. सगळे समोरासमोर उभे राहून ओठ हलवीत आणि एकमेकांचं बोलणं ओठांवरून वाचीत. बिरप्पाला तर चार साचे पलीकडचा गडी मराठीत बोलतोय की तेलुगूत, हेही कळायचं.

पंचाईत होती ती घरी. त्याची बायको मायाक्का अक्कलकोटकडची. नवऱ्यासमोर बोलताना तोंडावर पदर धरायचा, हे तिला सासूनं लग्नाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. सासू जाऊन बारा वर्षं झाली, पण पदर तोंडावरचा हलला नव्हता. त्यातून ती निम्मं बोलणं चुलीकडं तोंड करून बोलायची. बिरप्पाला ना शब्द ऐकू यायचा, ना ओठ दिसायचे.

"काय म्हनलीस?" तो विचारायचा.

ती पुन्हा सांगायची. त्याला पुन्हा कळायचं नाही. तिसऱ्यांदा विचारलं की ती हात झटकायची. "काय न्हाय."

हे "काय न्हाय" मात्र त्याला बरोबर समजायचं. मग त्यानं विचारायचंच सोडलं. ती काही बोलली की मान हलवून "बरं, बरं" म्हणायचं, आणि भाकरी पुढं ओढायची. एकुलती लेक गुरम्मा लग्न होऊन वागदरीला गेल्यापासून तर त्या खोलीत दिवसदिवस एवढंच बोलणं व्हायचं.

१९३४ साली दिवाळीनंतर मिलमध्ये नवा बॉयलर बसवायचा निघाला आणि आठ दिवस काम बंद राहिलं. एरवी सुट्टी मिळाली की दोघं वळसंगला भावाकडं जात आणि शेंगा काढायला लागत. या खेपेला बिरप्पा मिलचा भोंगा न झालेल्या सकाळी अंगणात बसला होता, तो एकदम म्हणाला, "विजापूरला जाऊ."

मायाक्कानं हातातला तांब्या खाली ठेवला. त्याच्या कानाशी येऊन तिनं विचारलं, "तितं कुटला द्येव?"

"द्येव न्हाय. घुमट बगायचा."

देव नसलेल्या गावाला घरचं काम सोडून कुणी जातं, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. शेजारचा धोंडप्पा तर हसायलाच लागला. पन्नाशीला आलेली जोडी आणि थडगी बघायला निघाली! पण बिरप्पाच्या मनात ते चाळीस वर्षं होतं.

तो नऊ-दहा वर्षांचा असताना एका दुष्काळी साली बाप मेंढरं घेऊन पार विजापूरच्या शिवारापर्यंत गेला होता. दोन महिने त्यांचा तळ तिकडं होता. रोज सकाळी उठलं की आभाळाच्या कडेला तो घुमट दिसायचा, पालथ्या घातलेल्या रांजणासारखा. बिरप्पा रोज म्हणायचा, "आबा, तितं जाऊया की." बाप म्हणायचा, "मेंढरं कोन बगंल?" पाऊस पडला, मेंढरं परत फिरली, आणि घुमट मागं राहिला. पुढं बाप गेला, मेंढरं थोरल्या भावाकडं गेली, बिरप्पा मिलमध्ये आला. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी त्यानं हे मायाक्काला सांगितलं होतं. तिच्या ते लक्षात होतं, म्हणूनच ती जास्त बोलली नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एक घोंगडं बांधून ती तयार झाली.

मात्र ती खुशीत नव्हती. गेले पंधरा दिवस ती गप्पगप्पच होती. बिरप्पाला वाटलं, जावंसं वाटत नसावं. होटगीला गाडी बदलून ते लहान रुळांच्या गाडीत बसले, भीमेचा पूल मागं पडला, दोन्ही बाजूंना हिरवी ज्वारी लागली, तरी ती खिडकीबाहेर बघत बसून राहिली. दुपार कलताना बिरप्पा जागेवरून उठला. दारात जाऊन उभा राहिला. ज्वारीच्या वर, दूर, तो घुमट उगवला होता.

"आगं, बग, बग!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की डब्यातली माणसं वळून बघायला लागली. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. मायाक्का लाजली, पण उठून त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. घुमट जवळ येत गेला तसा मोठा होत गेला. शेवटी तो सगळ्या गावाच्या डोक्यावर बसल्यासारखा दिसायला लागला.

"येवडा मोटा आसंल आसं वाटलं नव्हतं," बिरप्पा म्हणाला.

स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत गाठोडं ठेवून दोघं लगेच निघाले. घुमटासमोर जुना नगारखाना आहे, त्यात सरकारनं जुन्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या. मायाक्काला तिथलं काही नीट कळेना. तलवारी, चिनी मातीची भांडी, अक्षरं कोरलेले दगड. फुटकी भांडी कुणी काचेत कशाला ठेवतं, असं तिला वाटलं. बिरप्पा मात्र एका भिंतीपाशी थांबला तो हललाच नाही. तिथं एक जुना गालिचा टांगला होता. रंग उतरलेले, कडा झिजलेल्या, पण फुलांच्या ओळी अजून दिसत होत्या. आयुष्यभर ताणा-बाणा बघितलेला माणूस तो. आधी लांबून बघितलं, मग जवळून बघितलं, मग दोरी ओलांडून गुडघ्यावर बसला आणि बोट टेकवून एकेक ओळ मोजायला लागला.

"ओ यजमान! हात लावू नका!" पहारेकरी मागून कानडीत ओरडला.

बिरप्पा मोजतच राहिला. पहारेकरी पुन्हा ओरडला, आणि मग येऊन त्यानं बिरप्पाचा दंड धरून त्याला मागं ओढलं. बिरप्पा दचकून उठला. आपण काय केलं हे त्याला कळलं नाही, पण समोरच्याचा चेहरा कळला. तो शरमेनं भिंतीला टेकून उभा राहिला.

मायाक्का मध्ये आली. अक्कलकोटकडची असल्यानं कानडी तिच्या तोंडात होतीच. "ओढू नका त्यांना," ती कानडीत म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाही. मिलच्या आवाजानं कान गेलेत."

इतक्या वर्षांत परक्या माणसापुढं हे ती कधी बोलली नव्हती. तिचं तिलाच नवल वाटलं.

पहारेकऱ्याचं नाव शिवलिंगप्पा. वयानं बिरप्पाएवढाच होता. त्यानं हात सोडला. मग खुणेनं विचारलं, काय बघत होतास? बिरप्पानं आता बोट न लावता लांबूनच दाखवलं. सगळ्या फुलांना पाच-पाच पाकळ्या होत्या. खालून सातव्या ओळीत एका फुलाला चारच.

"हितं गडी चुकला," बिरप्पा म्हणाला. "सांज झाली आसंल. न्हायतर घरची याद आली आसंल."

शिवलिंगप्पानं वाकून बघितलं. पाकळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. "अकरा वर्षं मी इथं उभा राहतोय," तो मायाक्काला म्हणाला, "साहेब लोक येऊन बघून गेले. हे कुणी दाखवलं नव्हतं." आणि मग त्यानं त्या दोघांना बसायला आपलं बाकडं दिलं, माठातलं पाणी दिलं. निघताना सांगितलं, "आत्ता वर जाऊ नका. पोरं वर जाऊन आरडाओरडा करतात. सकाळी उघडताच या. मी स्वतः वर नेतो."

दुसऱ्या दिवशी ऊन कोवळं असतानाच ते पोचले. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून दगडी पायऱ्या गरगर वर जात होत्या. मायाक्का दमून तीनदा बसली. वर पोचल्यावर एका बुटक्या दारातून शिवलिंगप्पानं त्यांना घुमटाच्या आत नेलं. आत भिंतीच्या कडेनं गोल सज्जा होता आणि मधे नुसती पोकळी. खाली बघितलं तर फरशीवरची कबर हातात मावेल एवढी दिसत होती.

"एकानं इकडं थांबायचं, एकानं पलीकडं जायचं," शिवलिंगप्पानं समजावलं. "इथं बोललेलं तिकडं ऐकू जातं. आणि मोठ्यानं बोललं तर घुमट पुन्हा पुन्हा बोलतो."

मायाक्कानं ते बिरप्पाच्या कानात सांगितलं. तो हसला. "मला गं काय ऐकू येनार?" असं म्हणून तो आपला गोल फिरत पलीकडं गेला, कारण त्याला भिंतीची बांधणी बघायची होती. शिवलिंगप्पा मायाक्काला म्हणाला, "बोला तुम्ही. मी बाहेर उभा राहतो." आणि दाराबाहेर गेला.

ती आधी भिंतीला तोंड लावून हळू बोलली. पलीकडं बिरप्पा ढिम्म. त्यानं भिंतीला कान लावला, मग हात हलवून नाही म्हणून सांगितलं. तिनं इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. तिनं तोंडावरचा पदर काढला आणि मोकळ्या गळ्यानं हाक मारली, "आवो!"

घुमटानं हाक उचलली. आवो. आवो. आवो. एकदा डावीकडून, एकदा वरून, एकदा पाठीमागून. बिरप्पा पहिल्यांदा नुसता वर बघत राहिला. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याच्या ध्यानात आलं की हा मायाक्काचा आवाज आहे. पुढचे चार-पाच त्यानं तोंड उघडं टाकून ऐकले. तो आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक होता. मधल्या वर्षांत तो कसा होता हेच तो विसरला होता.

"ऐकू आलं!" तो ओरडला, आणि घुमट त्याच्या ओरडण्यानं भरून गेला.

मायाक्का आवाज निवेपर्यंत थांबली. मग पंधरा दिवस मनात सलत होतं ते तिनं बोलून टाकलं.

"आजा व्हनार तुमी!"

पहिल्या खेपेला त्याला फक्त "आजा" कळलं. दुसऱ्या खेपेला बाकीचं. तिसऱ्या खेपेला त्यानं सज्ज्याचा कठडा धरला.

"गुरम्मा?"

"व्हय!"

"आनि मला आत्ता सांगतीस व्हय गं?"

"पंदरा दिस झालं सांगून! तुमी बरं, बरं म्हनला!"

घुमट "बरं, बरं" म्हणत राहिला. बिरप्पाला ती संध्याकाळ आठवली. ती चुलीपुढं काहीतरी बोलली होती, आणि त्यानं मान हलवून ताट पुढं ओढलं होतं. तिला वाटलं होतं, एवढी मोठी गोष्ट सांगितली आणि याला काहीच नाही. त्याला वाटलं होतं, मीठमिरची संपली असेल.

तो गोल फिरून तिच्याकडं आला. चालता चालता जवळजवळ पळतच होता. जवळ आल्यावर तिचा हात पदराकडं गेला तो त्यानं धरला. "न्हवं," तो म्हणाला. "आसंच बोल. तोंड दिसू दे. मला ऐकू येत न्हाय, पन दिसतंय की."

"मग ह्ये आदी का न्हाय सांगितलंसा?"

हे तिनं हळूच विचारलं होतं. तिचे ओठ समोर होते, आणि त्याला अक्षर न् अक्षर कळलं. आपल्याला कळत नाही हे बायकोपुढं कबूल करायची त्याला लाज वाटत आली होती, एवढंच खरं. ते त्यानं दुपारी इब्राहिम रोजाच्या, म्हणजे तिथल्या दुसऱ्या जुन्या मकबऱ्याच्या, आवारात चिंचेखाली भाकरी खाताना सांगितलं. तीही म्हणाली, की तीन-तीनदा सांगून आपण वैतागायला नको होतं. मग दोघांनी गुरम्माच्या बाळंतपणाचं बोलायला घेतलं. तिला पाचव्या महिन्यात आणायचं की सातव्या, खाट उसनी घ्यायची की नवी करायची, घोंगडं कुणाकडनं विणून घ्यायचं. बोलण्याच्या नादात बुरुजावरची मोठी तोफ बघायला जायला उशीर झाला. संध्याकाळी बुरुजावर पोचले तेव्हा मायाक्कानं तिथल्या माणसाला तोफेबद्दल शंभर गोष्टी विचारल्या आणि एकेक बिरप्पाकडं तोंड करून सांगितली.

सोलापूरला आल्यावर शेजारच्या बायका कुजबुजल्या, की विजापूरचं वारं लागलं, मायाक्का नवऱ्यापुढं पदर धरत नाही. तिनं ते मनावर घेतलं नाही. चुलीचं तोंड मात्र तिनं फिरवून घेतलं, म्हणजे स्वैपाक करताना समोर बसलेला माणूस दिसेल. गुरम्माला वैशाखात मुलगी झाली. बिरप्पानं नातीसाठी भावाच्या कळपातली पहिल्या कातरणीची मऊ लोकर आणून घोंगडी करून घेतली.

दुसऱ्या वर्षी सुट्टी लागायच्या आतच मायाक्कानं विचारलं, "यंदा कुटं?" त्या साली नळदुर्गचा किल्ला बघून झाला. त्याच्या पुढच्या साली परांड्याचा किल्ला ठरला. तिथंही देव बघायला जायचं नव्हतं. वाटेत कुर्डुवाडीला बार्शीची गाडी यायला दोन तास होते. मायाक्कानं खिडकीशी जाऊन तिकिटं काढली, गाडी कुठल्या बाजूला लागेल ते हमालाला विचारलं, आणि येऊन बाकड्यावर बिरप्पासमोर बसली. बिरप्पानं चटणीची पुरचुंडी सोडली. ती बोलत होती, तो बघत होता, आणि मधेच काहीतरी ऐकून, म्हणजे बघून, तो इतका मोठ्यानं हसला की फलाटावरची माणसं वळून बघायला लागली.