जावईबापूंचं नवं कापड

आमचे जावईबापू सोफे-खुर्च्या दुरुस्त करतात. हातात कला आहे, हे मी सासू असूनही कबूल करते. गिऱ्हाईक म्हणालं, नुसतं वरचं रेक्झिन बदला, तर खुर्ची परत पाठवतील. आधी उघडणार, स्प्रिंगा बघणार, सांगाडा ठोकून बघणार, मगच कापड चढवणार. आत मोडकं नि वर नवं, असली लबाडी आपल्या दुकानात चालत नाही म्हणतात.

हा बाणा दुकानापुरता. घरी दारू, आणि दारू चढली की माझ्या लेकीला मार. सकाळी म्हणायचे, मी नव्हतो गं, ती दारू होती. जशी काही दारूच यांचा सदरा घालून घरात फिरत होती.

शेवटी लेक पोरीला घेऊन माझ्याकडे आली. मग बापू व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात राहून आले. दारू खरंच सुटली. नातेवाइकांनी असं डोक्यावर घेतलं, की वाटावं गडी लढाई मारून आलाय. लेक परत गेली. आणि एका संध्याकाळी चहा गार झाला म्हणून बापूंनी तिचा हात पिरगळला. तोंडाला वास नाही, डोळे स्वच्छ. नाव घ्यायला घरात बाटलीही नाही, बिचाऱ्यांची केवढी पंचाईत! लेक पुन्हा माझ्या दारात.

दवाखाना म्हणे, आम्ही फक्त दारूचं बघतो, मारहाणीसाठी महिला केंद्रात जा. केंद्र म्हणे, आधी त्यांची दारू बघा. नवरा एकच, पण यांनी तो वाटून घेतलेला. त्याच दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी मात्र संशोधन म्हणून नवा वर्ग काढला होता. दारू आणि मारहाण, दोन्हींवर एकाच खोलीत उपचार. शिवाय नवऱ्याच्या शब्दावर विसंबायचं नाही, बायकोला वेगळं विचारायचं. लेकीनं सांगितलं, तिथे जाल तरच मी परत यायचा विचार करीन.

बापू गेले. पहिल्याच दिवशी बसल्या बसल्या यांची खुर्ची खचली, तर वर्गाला ऐकवलं, आतलं न उघडता वर कापड चढवलं की असंच होणार. सगळे हसले. का हसले, ते यांना कळेना. माझ्याकडे येऊन तक्रार केली, की लोकांना कारागिराची किंमत नाही. मी पदर तोंडाला लावून बसले.

बरेच आठवडे वर्ग झाल्यावर बापू लेकीला न्यायला आले. ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "का मारलंत ते सांगा. दारूचं नि चहाचं नाव घ्यायचं नाही."

बापूंनी आधी धंद्याचं टेन्शन काढलं. मग वडिलांचा तापट स्वभाव. दोन्हींना तिनं मानेनंच नाही म्हटलं. शेवटी खाली मान घालून म्हणाले, "मी मारलं. तुला मारलं तर चालतं, असं वाटायचं मला."

लेकीनं काही बॅग भरली नाही. म्हणाली, "हे वर्गात सांगा. अजून काही महिने जाऊ देत. डॉक्टरीणबाई मला विचारतील, तेव्हा खरं काय ते मी सांगेन. मग यायचं की नाही बघू."

बापू एकटेच निघाले. जाता जाता दाराजवळच्या माझ्या सोफ्यावर हात दाबून म्हणाले, स्प्रिंग गेलीय, उद्या नेतो.

मी म्हटलं, "राहू द्या जावईबापू. हातात घेतलंय ते काम आधी पुरं करा."