स्वयंपाकघरातला कॅमेरा

तार ओढण्याआधी माझा जोडीदार घरातल्या बाईला विचारायचा, “वहिनी, हा डबा कुठं बसवू? रोज पुसणार तुमीच.” मालक सोफ्यावरून बोटानं जागा दाखवत असला तरीही. इंटरनेट जोडायला तुमच्याही घरी कोणी आलं असेल. असं विचारणारा मी तरी एकच पाहिला.

सांगलीजवळच्या माधवनगरात आम्ही दोघं चार वर्षं जोडीनं हिंडलो. तो साताऱ्याकडच्या खंडाळ्याचा, मी इथलाच. केसाएवढी काचेची तार तो अशी जोडायचा की सांधा सापडायचा नाही. राउटरचा दिवा हिरवा झाल्याशिवाय चहाला शिवायचा नाही. पासवर्ड म्हणून कोणी लेकराचं नाव सांगितलं की म्हणायचा, “लय सोपं हाय, शेजारी बी वळखंल.”

त्या दिवशीच्या गिऱ्हाइकानं राउटर स्वयंपाकघराच्या दाराशी मागितला. आत कॅमेरा लावायचा होता. “ही दिवसभर काय करतीया ते मला ड्यूटीवरनं दिसलं पायजे.”

यानं सवयीनं विचारलं, “वहिनी, चालंल का?”

“नको,” ती म्हणाली. एवढंच.

नवऱ्यानं तिच्या थोबाडीत मारली. ती ओट्यावर आदळली, तशी केसांना धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. ओठातून रक्त हनुवटीवर आलं. मी दारात शिडी धरून उभा होतो. जोडीदार मात्र मध्ये घुसला, नवऱ्याचं मनगट पिरगाळलं. “बाईला हात लावू नगासा.” आणि बाहेरून घरात घेतलेली तार त्यानं भिंतीतून उपटून काढली.

नवऱ्यानं खाली पडलेलं आमचंच ड्रिल मशीन उचललं आणि त्याच्या तोंडावर घातलं. तो पडला, तरी आणखी दोनदा. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. शिडी माझ्या हातातच होती.

सांगलीच्या दवाखान्यात त्याचा डावा डोळा काढावा लागला. पोलिसांसमोर ती बाई सुजल्या तोंडानं खरं ते सगळं बोलली. मला आमच्या मालकानं बजावून पाठवलं होतं, गिऱ्हाईक वजनदार आहे. मी म्हणालो, “मी बाहेर होतो. मला काय दिसलं न्हाई.”

नवरा जामिनावर सुटला. एका डोळ्यानं बारीक तार जोडता येईना, म्हणून माझा जोडीदार गावी निघून गेला. जाताना मला भेटला नाही.

वर्षभरानं साताऱ्याच्या स्टँडवर दिसला. डावा गाल आत बसलेला. त्यानंच विचारलं, “त्या वहिनींचं काय झालं रं?”

“माहेरी गेल्या. परत आल्या न्हाईत.”

“बरं झालं.” मग म्हणाला, “काम हाय न्हवं तुझं?”

“हाय.”

तेवढ्यात त्याची गाडी लागली. चढताना त्याची पायरी चुकली. मी घाईनं हात पुढं केला. त्यानं चाचपडत दांडी शोधली, ती धरली आणि वर गेला. माझा हात त्याच्या डाव्या बाजूला होता. दिसला नसेल.