रस्ता न्हाई, वाट हाय

विमानतळाच्या रस्त्यावरचा पूल मला आवडत नाही. गावात असं म्हटलं की लोक मला वेड्यात काढतात. एवढा देखणा पूल, संध्याकाळी दिवे लागतात, पोरं-पोरी कठड्याला टेकून फोटो काढतात. काढू देत बापडे. मला त्याच्यावर पाय ठेवला की तळपायाची आग मस्तकात जाते, आणि पाय ठेवल्याशिवाय माझ्या शेतात जाता येत नाही.

मी मूळची बेलापूरची. लग्न होऊन शहराबाहेरच्या या वस्तीवर आले तेव्हा ओढ्यावर नुसती फरशी होती. फरशी म्हणजे बुटका, सपाट, बिनकठड्याचा पूल. ओढ्याला पाणी आलं की ते फरशीवरूनच वाहायचं, मग अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे. आमची लग्नाची वऱ्हाडं तिथे ताटकळली, दुधाचे कॅन नासले, पण पूल काही कुणाला सुचला नाही. मग पलीकडच्या माळावर विमानतळ झाला. एका पावसाळ्यात प्रवाशांच्या गाड्या फरशीपाशी अडकल्या आणि त्यांचं विमान गेलं. आमचं दूध नासलेलं चालत होतं, त्यांचं विमान चुकलेलं चाललं नाही. लगोलग पूल मंजूर झाला.

आमचं घर रस्त्याच्या अलीकडे. विहीर आणि शेत पलीकडे. ओढ्याच्या काठाने एक गाडीवाट यायची, फरशीजवळ रस्ता ओलांडायची आणि सरळ आमच्या विहिरीवर जायची. त्या वाटेने मी रोज माझ्या तीन गाई न्यायचे. माझ्या म्हणते, कारण त्या खरंच माझ्या होत्या. लग्नानंतर माहेरून एक कालवड दिली होती, तिच्या पोटच्या या सगळ्या. त्यांच्या दुधावर माझी मुलगी शिकली. नवऱ्याच्या शेतीने काय दिलं ते विचारू नका.

पुलाची आखणी करायला साहेब आले तेव्हा आम्ही सगळे ओढ्यावर जमलो. साहेब तरुण होते, पुण्याकडचे असावेत. त्यांनी नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि विचारलं, "ओढ्याच्या कडेने रस्ता आहे का? असेल तर पुलाच्या खांबांमध्ये एक गाळा जादा मोकळा ठेवू, खालून जाता येईल."

माझे थोरले दीर पुढे झाले. घरात शब्द त्यांचाच. माझा नवरा त्यांच्यासमोर मान डोलावण्यापलीकडे काही करत नाही.

"रस्ता न्हाई, सायेब," दीर म्हणाले. "रस्ता कुठला आलाय हितं? वाट हाय."

आता आमच्याकडे रस्ता म्हणजे सरकारने केलेला, डांबराचा. गाई-बैल, गाड्या पिढ्यान्‌पिढ्या जिथून जातात ती वाट. वाटेला रस्ता म्हणणारा माणूस आमच्यात शहाणा ठरत नाही. दिरांनी अगदी चोख सांगितलं, असंच त्यांना वाटलं. साहेबांना मात्र पायवाट वाटली असणार, शेळ्यामेंढ्यांची.

"म्हणजे रस्ता नाही," साहेब म्हणाले.

"न्हाई."

मी पदर सावरून पुढे गेले. "साहेब, बैलगाडी जाती तिथून. आमच्या गाई रोज—"

"मानसं बोलत्यात न्हवं?" दीर माझ्याकडे न बघताच म्हणाले. "बायकांनी मधी तोंड घालू नये."

नवऱ्याने माझा दंड धरून मला मागे ओढलं. साहेबांनी नकाशा गुंडाळला. त्यांनी मला एकदा विचारायला काय हरकत होती, हे मला आजही कळलेलं नाही. शिकलेला माणूस होता.

पूल झाला. दोन्ही बाजूंनी घराएवढा मातीचा भराव, आणि ओढ्यापुरते गाळे. रस्ता नाही म्हणून कडेचा गाळा दगडाची भिंत घालून बंद केला. वाट तिथे येऊन भिंतीला थडकली. मग मी गाईंना भरावाच्या उतारावरून वर चढवायचे, दुभाजकाच्या फटीतून पलीकडे न्यायचे, पुन्हा खाली उतरवायचे. विमान गाठायला निघालेल्या टॅक्स्या हॉर्न वाजवून जीव नकोसा करायच्या. एकाने काच खाली करून मला विचारलं, घरी बांधता येत नाहीत का म्हणून. पाणी तुझा बाप आणून देणार का, असं मी म्हणाले, पण काच वर गेली होती.

शेवटी व्हायचं तेच झालं. एका गाडीने मधल्या गाईला उडवलं. जीव वाचला, मागचा पाय कायमचा अधू झाला. गाडीवाला थांबलासुद्धा नाही.

त्यानंतर मी गप्प बसले नाही. नवरा नको म्हणत होता, तरी एसटीने नगरला हेलपाटे घातले. बांधकाम खात्याच्या कचेरीतल्या बाकांवर बसून बसून कंबर धरली. अखेर कचेरीत एक नवीन बाई साहेब म्हणून आल्या, त्या स्वतः पूल पाहायला आल्या. भिंतीला हात लावून म्हणाल्या, "ही काढून गाळा मोकळा करता येईल. पण मागे तुमच्याच घरच्यांनी रस्ता नाही सांगितलंय. त्यांनीच येऊन सांगू देत की इथून गाडीची वहिवाट होती. तेवढं पुरे."

तेवढंच. दोन शब्द. मी त्या संध्याकाळी दिरांच्या ओट्यावर गेले. ते पान लावत बसले होते. मी सगळं सांगितलं.

"मी एकदा बोललो ते बोललो," ते म्हणाले. "आता जाऊन दुसरं सांगू? चार लोकांत मला खोटा पाडतीस व्हय?"

"खोटं कोण म्हणतंय, भाऊजी? वाट होती असंच तर सांगायचंय."

"वाट हाय असंच सांगितलं हुतं मी. त्यांना कळलं न्हाई, त्यात माजा काय दोष?"

मी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या बापाच्या पायांवरसुद्धा मी असं कधी ठेवलं नव्हतं. ते उठले आणि आत गेले. जावेने दार लोटून घेतलं. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही चला, तुम्ही सांगा. तो म्हणाला, दादाच्या पुढं मी कसा बोलू. त्या बाईंची पुढे बदली झाली आणि भिंत तशीच राहिली.

अधू गाय चढ चढेना. तिला दारात बांधून घागरींनी पाणी घालायचे. बाकीच्या दोघींनाही त्या रस्त्यावर न्यायचा धीर होईना, पण तिघींना घागरींचं पाणी पुरणार कसं? मी ओळखीच्या एका शेतकऱ्याला सांगितलं, तो तिन्ही गाई एकदम विकत घ्यायला तयार झाला. टेम्पो आला त्या दिवशी मी त्यांच्या कपाळांना हळद-कुंकू लावलं, भाकरी चारली. अधू गाय टेम्पोत चढताना अडखळली, दोघांनी तिला मागून उचललं.

तेवढ्यात दीर आले. पुढे होऊन त्यांनी गाईच्या पाठीवर हात ठेवला.

"हात लावू नका," मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं बोलले. नवरा खाली बघत राहिला. दिरांनी हात काढला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मला त्यांची जराही दया आली नाही.

"एवढं हुतं तर म्हनायचं हुतंस," ते म्हणाले. "मी जाऊन सांगितलं नसतं का?"

"पाया पडले होते मी तुमच्या," मी म्हणाले.